आठ वारांच्या निऱ्या

निरी हा पुरुषांनीं बोलण्याचा विषय नव्हे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. ज्या समाजांत आजोबांपासून नातवापर्यंत सारे धोतर नेसत असत, त्यांत हा समज कसा रुजला हें आम्हांस कधींच उमगलें नाहीं. धोतराची निरी वांकडी पडली तर गृहस्थ दिवसभर अस्वस्थ असे. आणि लुगड्याच्या निऱ्यांवरून नेसणारीचें गांव, वय आणि घाई तिन्ही ओळखणाऱ्या स्त्रिया आम्हीं पाहिल्या आहेत. तथापि निऱ्यांवरून आमच्या घरांत दोन रविवार वाद चालावा, आणि तोहि एका परदेशी वस्त्राच्या, हा योग नवाच.

आमचा भाचा स्कॉटलंडांत नोकरीस आहे. त्याचा विवाह तेथील मुलीशीं ठरला आणि तिच्या वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यानें मापाचा किल्ट शिवावयास टाकला. कापड ठरलें, कंबर मोजून झाली. मग शिंप्यानें विचारलें कीं, निऱ्या चौकड्यावर घालूं कीं रेघेवर? भाच्यानें तो प्रश्न जसाच्या तसा जुहूस आमच्याकडे पाठविला. ज्या जुहूच्या विमानतळावर १९३२ सालीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेथें आतां पत्राची वाट पाहावी लागत नाहीं. प्रश्नामागोमाग कापडाचें चित्रहि फोनवर आलें.

चांगल्या किल्टास एकेरी पन्ह्याचें सुमारें आठ वार लोंकरी कापड लागतें. हें ऐकतांच आमच्या आत्याबाई, ज्यांचें वय नव्वदीस टेकलें आहे, सरसावून बसल्या. "म्हणजे आपल्याहून एकच वार कमी!" पुढें दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि बाकीचें सारें कापड पाठीमागें निऱ्यांत जातें; आपल्या लुगड्याच्या नेमकें उलट. खालची कड दुमडून शिवीत नाहींत, मागावरची किनारच खालीं ठेवतात, हें कळल्यावर तर त्या शिंप्याविषयीं त्यांचें मत फारच चांगलें झालें.

दोन रीतींतला भेद त्यांनीं चौकड्याची चादर टेबलावर पसरून आम्हांस दाखविला. पहिल्या रीतींत प्रत्येक निरीच्या पोटांत चौकड्याचा एक पूर्ण फेर घालावयाचा, म्हणजे एका निरीवर नक्षी जेथें संपली तेथूनच ती दुसरीवर सुरू होते. पाठीमागून पाहतां कापड जणूं दुमडलेंच नाहीं! चौकडा मोठा असला कीं ही रीत कापड फार खाते. दुसऱ्या रीतींत एक रेघ निवडून ती प्रत्येक निरीच्या मध्यावर आणावयाची. इतर रंग घडींत दडतात, आणि मनुष्य चालूं लागला म्हणजे निऱ्या उघडून क्षणभर झळकून जातात. आत्याबाईंनीं चादर उचलून हालवून दाखविली. कंबरेकडे निरी निमुळती करतांनाहि रेघ मध्यावरून ढळतां कामा नये. खरें कसब तेथें आहे.

भाच्याचें कापड गॉर्डन पटाचें होतें. काळा, निळा, हिरवा, आणि त्यांतून जाणारी एक पिवळी रेघ. १७९३ सालीं हंटलीच्या विल्यम फॉर्साइथनें गॉर्डनच्या ड्यूकच्या पलटणीकरितां सरकारी पटांत पिवळी रेघ घालून तीन नमुने दाखविले, एक रेघेचा, दोन रेघांचा आणि तीन रेघांचा. त्यांतला पहिला पसंत झाला. पुढें गॉर्डन हायलँडर्सच्या किल्टांत निऱ्या याच रेघेवर घालीत. हें वाचून दाखवितांच आमचे थोरले बंधु उसळले. १८०३ सालीं असईच्या रणांत, आजच्या जालना जिल्ह्यांत, शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर चालून आलेल्यांत ७४ वी व ७८ वी हायलँडर पलटण होती. "त्या गॉर्डन नव्हत्या हें मला ठाऊक आहे. पण पलटणी निऱ्या घालून आपल्या मुलानें बोहल्यावर उभें राहावें काय? चौकड्यावर घाल म्हणावें."

त्यांचा राग आम्हांस परका नव्हता. परंतु पटच मुळीं पलटणीसाठीं विणलेला. निरी बदलल्यानें त्याचा इतिहास कसा बदलणार? आणि आणखी एक गोष्ट आम्हीं त्यांच्यापुढें ठेवली. १७४६ सालीं कलोडनच्या पराभवानंतर लंडनच्या पार्लमेंटानें हायलँडच्या पुरुषांस हाच वेष कायद्यानें बंद केला. सूट होती ती सैन्यांत शिरणाऱ्यांस. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. ज्यांना घरीं नेसण्यास मनाई, त्यांनाच तो पलटणींत नेसवून जगभर पाठविलें. बंधु बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हें त्याला सांगा. ठाऊक असून नेसूं दे, म्हणजे झालें."

उरला प्रश्न दिसण्याचा. तेथें विवाहविधि चालूं असतां वराची पाठ मंडळींकडे असते, म्हणजे लोकांनीं घटकाभर पाहावयाच्या त्या निऱ्याच. आमचा कल चौकड्याकडे होता. तो शांत दिसतो. आत्याबाईंनीं तो मोडून काढला. "निरी घातली तर दिसूं दे. लपवायची तर घालायची कशाला? आणि हळदीच्या रंगाची रेघ आहे, ती काय घडींत घालायची?"

शिंप्यास उत्तर गेलें: पिवळ्या रेघेवर.

इकडचा विवाह पुढल्या महिन्यांत आहे. वधूसाठीं शिवलेली नऊवारी पार्ल्यांत सांगावी असें आमचें म्हणणें; आयत्या निऱ्या, सुटण्याची भीति नाहीं. आत्याबाईंस तें मान्य नाहीं. आपण स्वतः नेसविणार म्हणतात. मुलगी उंच आहे. तेव्हां लुगड्याचा पन्हा घोट्यापर्यंत पुरेल कीं नाहीं, याची दादरच्या दुकानांतून चौकशी चालू आहे.