धारूरचा घाट : येणारे आणि जाणारे

बीड जिल्ह्यात वडवणी सोडून तेलगावकडे निघाले की सिंदफणेच्या खोऱ्यातली काळी रानं सुरू होतात. माजलगाव धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस रस्त्याला लागून उभा असतो आणि तेलगावात साखर कारखान्याचे धुराडे दिसते. तिथून दक्षिणेला वळले की बालाघाटाची चढण लागते. धारूरचा घाट फार उंच नाही, पण अरुंद आहे, वळणे अवघड आहेत आणि खामगाव–पंढरपूर महामार्गाची जड वाहतूक त्यातूनच जाते. वर पोचेपर्यंत माती बदललेली असते. पातळ, मुरमाड रान, मधूनच उघडा पडलेला काळा खडक आणि उतारावर सीताफळीची झुडपे. या कडेवर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. उत्तरेकडचे पाणी सिंदफणेतून गोदावरीला जाते, दक्षिणेकडचे मांजरेला, आणि पुढे तेलंगणात कंदकुर्तीला ते पुन्हा एकत्र येते. धारूरचा किल्ला नेमका इथेच का बांधला, हे या चढणीवर समजते. डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबे हिवाळ्यात गावात का नसतात, याचा पहिला धागाही इथेच हाती लागतो. धारूरवर लिहिणाऱ्याने या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. किल्ल्यापुरते लिहिलेले धारूर अर्धेच राहते.

किल्ला जागेचा पुरेपूर फायदा घेतो. तीन बाजूंना खोल दऱ्या आहेत, त्यामुळे हल्ल्याची भीती फक्त गावाकडून. त्या बाजूला खंदक खोदला, जाड तटबंदी उभारली आणि बुरुज दाट ठेवले. आत गोडी दिंडी, खारी दिंडी अशा नावांच्या पाण्याच्या जागा आहेत. घाटमाथ्यावर पाण्याची सोय केल्याशिवाय शिबंदी ठेवताच आली नसती, त्यामुळे बुरुजांइतकाच वेळ या जागांना द्यावा. १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध एकत्र लढलेल्या दख्खनच्या सुलतानांचे दोन-तीन वर्षांतच पुन्हा बिनसले, आणि आदिलशाही सरदार किश्वरखानाने निजामशाहीच्या अंगावर हा किल्ला उभा केला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की किश्वरखानाच्या उद्दाम पत्राने चिडलेला मुर्तझा निजामशाह स्वतः चालून आला. तोफा-बाणांचा मारा चालू असतानाच किश्वरखान एका बाणाने ठार झाला आणि शिबंदीचा धीर खचला. ही १५६९ ची गोष्ट. महादुर्ग आणि फतेहाबाद ही किल्ल्याची दुसरी नावेही कागदपत्रांत भेटतात.

मला या लढायांपेक्षा महत्त्वाची वाटते ती अब्दुल हमीद लाहोरीच्या पादशाहनाम्यातली एक नोंद. खानजहान लोदीचे बंड मोडायला शाहजहानने दख्खनेत फौजा घातल्या, त्यांपैकी आझमखानाची फौज १६३१ च्या सुरुवातीला धारूरवर आली आणि किल्ला मुघलांकडे गेला. किल्ल्याची मजबुती आणि दोन्ही अंगांच्या दऱ्या सांगताना लाहोरी किल्ल्याबाहेरच्या पेठेचाही उल्लेख करतो. आठवड्यातल्या ठरल्या दिवशी दूरदूरच्या मुलखांतून माणसे तिथे खरेदी-विक्रीला जमत, असे तो लिहितो. आझमखानाच्या फौजेने आधी हीच पेठ लुटली. दरबारी इतिहासकार बादशहाच्या विजयाची शोभा वाढवायला लिहितो, तेव्हा पेठेचे वर्णन थोडे फुगवलेले असेल, हे मान्य. पण लुटण्याजोगे काहीच नसते तर लुटीची नोंद कशाला झाली असती? गोदावरी आणि मांजरा या दोन खोऱ्यांमधली वाट या कडेवरून जात होती, वाटेवर ओझी उतरत होती, आणि ओझी उतरतात तिथे बाजार बसतो. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी लोक कामधंद्यासाठी धारूरला येत होते, एवढे या नोंदीवरून नक्की म्हणता येते.

इथून माणसे दूर नेली जाण्याचा इतिहासही तितकाच जुना आहे. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यानंतर औरंगजेबाने मिर्झाराजांना हुकूम पाठवला आणि मुघलांकडे गेलेल्या नेताजी पालकरांना ऑक्टोबर १६६६ मध्ये धारूरच्या छावणीत कैद करण्यात आले. पुढे धर्मांतर, महंमद कुलीखान हे नवे नाव आणि वायव्य सरहद्दीवरची चाकरी. नेताजी परत आले आणि स्वराज्यात पुन्हा सामील झाले ते १६७६ मध्ये. हा प्रवास शाळेच्या पुस्तकातही आहे. कारण त्या माणसाला नाव होते.

नाव नसलेल्यांचा प्रवास दरवर्षी होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा या डोंगरपट्ट्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल वाटलेली असते आणि हिशेब कोयत्यावर असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. एकटा असेल तर अर्धा कोयता. ट्रकमध्ये पत्रे, भांडी, ज्वारी-बाजरीची पोती, कोंबड्या, शेळी, म्हातारी आई आणि शाळा सुटलेली पोरे. सांगली-कोल्हापूर किंवा कर्नाटकातला फड तीनशे किलोमीटरहून लांब असतो, आणि तिथे कारखाना बंद होईपर्यंत पाचटाच्या कोपीत राहायचे. थंडीत पहाटे अंधारात तोड सुरू होते. पुरुष बुडातून ऊस छाटतो, बाई पाचट काढून मोळी बांधते, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणेही बहुतेक वेळा दोघांच्याच वाट्याला येते. खाडा केला तर पैसे कापले जातात. या कामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आले. बीड जिल्ह्यातल्या पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हा निसर्गाचा खेळ आहे. घाटमाथा कोरडा, माती उथळ, पाऊस बेभरवशाचा, मग लोक जाणारच. यात तथ्य आहे. १९७२ च्या दुष्काळाने हे स्थलांतर वाढवले, हेही खरे. पण हाच घाटमाथा, हीच माती आणि हाच पाऊस असताना इथे दूरदूरची माणसे बाजाराला येत होती. त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या वर्षांत, दख्खनला भयंकर दुष्काळ पडला होता, म्हणजे अवर्षणही नवे नाही. नवे आहे ते वाटेवरचे काम हातचे जाणे. वंजारी आणि लमाण तांडे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून दख्खनभर फिरत आणि फौजांना रसद पुरवत. एकोणिसाव्या शतकात आगगाडीने ते काम संपवले. मग पाणी आले तेही उताराखालीच थांबले. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातले माजलगाव धरण सिंदफणेवर झाले, त्याने खालची जमीन भिजली आणि कारखाना पायथ्याला उभा राहिला. वरच्या वाड्यांना त्या पाण्याचा उपयोग नाही. याच तालुक्याच्या पायथ्याला ऊस गाळला जातो आणि माथ्यावरचे मजूर मात्र तीनशे किलोमीटरवर ऊस तोडायला जातात. हे निसर्गाच्या खात्यावर टाकता येणार नाही. हा कालवे आणि कारखाने कुठे न्यायचे याच्या निर्णयांचा परिणाम आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या माणसांना दीनवाणे ठरवू नका, ती स्वतः निर्णय घेऊन जातात, उचलीच्या पैशातून लग्ने होतात, विहिरी खोदल्या जातात, पोरे शिकतात. हे नाकारणारा माणूस त्यांना ओळखत नाही. ऊसतोड मजुरांनी संप केले, वाटाघाटी केल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळवली. पण उचल हे कर्ज असते. ते फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही, आणि हंगाम लवकर संपला की उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या माथी बसते. निर्णय स्वतःचा आहे म्हणून त्याची किंमत विचारायची नाही, हे मला पटत नाही.

राहिला प्रवासवर्णनाचा प्रश्न. किल्ला पाहायला आलेल्या वाचकाला मजुरीचे हिशेब कशाला, असे काही जण म्हणतील. माझे उत्तर किल्ल्यातच आहे. खंदकाचा कातळ कुणी फोडला, तटाचे दगड कुणी वाहिले, त्यांची नावे एकाही तवारिखेत नाहीत. किश्वरखान आहे, आझमखान आहे, मिर्झाराजे आहेत. बखरकारांनी जी चूक केली तीच आजच्या लेखकाने पुन्हा का करावी? दगड काळजीपूर्वक पाहणाऱ्याला कोयत्याची धारही दिसली पाहिजे, कारण दोन्ही एकाच मुलखातल्या हातांची कामे आहेत.

म्हणून धारूरला जायचे तर दसरा ते दिवाळी या दिवसांत जा. त्या वेळी सीताफळाचा हंगाम असतो, बाजारात पाट्या मांडलेल्या असतात, आणि बीडच्या या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते विकत घ्या. किल्ला सकाळी पाहा, दिंड्यांपर्यंत उतरा. दुपारी आसपासच्या एखाद्या वाडीत जाऊन टोळी कोणत्या कारखान्याला निघाली आहे, उचल किती घेतली आणि पोरांच्या शाळेची काय व्यवस्था केली, हे विचारा. आणि धारूरवर काही लिहिलेत, तर ही उत्तरे किल्ल्याच्या इतिहासाइतक्याच सविस्तरपणे लिहा.