आंदर मावळाच्या दारात

लोणावळा लोकल कान्ह्याला थांबली की उतरणाऱ्यांत सहलीला निघालेले थोडेच. बहुतेकांच्या खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी. सहलीवाले मळवलीला नाहीतर थेट लोणावळ्याला उतरतात. कान्हे फाट्यावरून उत्तरेचा रस्ता धरायचा, इंद्रायणीवरचा पूल ओलांडायचा, की टाकवे बुद्रुक. आंद्रा नदीच्या खोऱ्याचं, म्हणजे आंदर मावळाचं हे दार.

इथे भाताच्या खाचरांना कारखान्यांच्या भिंती भिडल्या आहेत. खाचरांतला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात, आंबेमोहराच्या संकरातून तयार झाला. भिंतींपलीकडे पाळ्या चालतात. पाळी सुटली की किराणा दुकानात मावळी मराठीइतकीच हिंदीही ऐकू येते. भाड्याच्या खोल्या, खानावळ, मोबाइलचं दुकान अशी उपनगराची सगळी लक्षणं आहेत. अंगणात मात्र अजून गोठा आहे.

कारखाने अलीकडचे, पण या खोऱ्याचा उद्योगाशी संबंध शंभर वर्षांचा. टाकव्याहून वडेश्वरमार्गे खांडीकडे निघालं की ठोकळवाडी धरणाचा जलाशय पसरलेला दिसतो. मुळात पूर्वेला वाहणाऱ्या आंद्रा नदीचं पाणी टाटांनी इथे अडवलं आणि सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला वळवून खाली भिवपुरीच्या वीजगृहात सोडलं. १९२२ साली ते सुरू झालं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. टाटांच्याच वीजधरणांपैकी मुळशी धरणाला शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली विरोध केला, तेही याच काळात.

पाण्यामागून माणसंही गेली. मुंबईच्या डबेवाल्यांत मावळातली घरंही आहेत. कुणी डबे पोहोचवले, कुणी बाजारात ओझी वाहिली, आणि भातलावणीला गावी परतले.

आता उलटा प्रवाह आहे. काम गावात आलंय आणि त्यामागून परमुलखातला कामगार. टाकव्याच्या खोलीत राहून घरी पैसे धाडणारा तरुण मला त्या मावळी डबेवाल्याचा भाऊबंदच वाटतो. त्याला परका म्हणण्याचा अधिकार निदान मावळाला तरी नाही.

टाकवे कामाने उपनगर झालंय. सोयींनी अजून गावच आहे. ज्या खोऱ्याने मुंबईला वीज दिली, त्याच्या दारातल्या वस्तीला धड रस्ता, भक्कम पूल आणि कामगारांना राहण्याजोगी घरं मिळायलाच हवीत. हे उपकार नव्हेत, जुनं देणं आहे.