पंचामृतातली एक वाटी

बहिणीची मुलगी गणपतीला पुण्याहून रेवदंड्याला आली, तेव्हा ती वीगन होऊन वर्ष होत आलं होतं. पूजेसाठी मी पाच वाट्या काढल्या: दूध, दही, तूप, मध, साखर. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, यातली मला एकच चालते. साखर. तीही चौकशी करूनच घेते."

साखरेत चौकशी कसली? तिने सांगितलं, अमेरिकेत काही कारखाने उसाची साखर पांढरी करायला गुरांच्या हाडांचा कोळसा वापरतात. उपासालाही साखर खाणाऱ्या मला कसंसंच झालं. साखर कारखान्यात नोकरी केलेल्या ओळखीच्या एकांना फोन लावला. ते म्हणाले, "आपल्याकडे बहुतेक कारखान्यांत रस चुन्याने आणि गंधकाच्या वायूने साफ करतात. काळजी करू नका." शिवाय 2022 पासून आपल्या देशात वीगन पदार्थांचे वेगळे नियम आहेत. वीगनचा शिक्का लावायचा, तर प्रक्रियेतही प्राणिज वस्तू चालत नाही.

गुळाचं तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात रानभेंडीचं बुळबुळीत पाणी ओतलं, तशी मळी वर आली. ती झाऱ्याने काढली. फेस उतू जायला लागला, तेव्हा थोडं शेंगतेल टाकलं. म्हणजे गूळही चालतो, काकवीही.

मधावर मात्र मी वाद घातला. नीट काढला तर माशी मरत नाही, मग अडचण काय? ती म्हणाली, "मावशी, एक कामकरी माशी जन्मभर राबून चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध करते. तोही फुलं नसतील त्या दिवसांसाठी." मी गप्प झाले.

राहिला मोदक. सारण वाडीतल्या नारळाचं आणि गुळाचं, त्यात काहीच अडत नव्हतं. अडलं ते तुपाशी. तेव्हा लहानपणीचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, शेजारी आठवले. मांसाच्या जेवणात त्यांना दूधदुभतं चालत नाही, म्हणून त्यांचा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या रसात शिजायचा. त्यांच्याकडून यायचा तो मलिदाही भिजवलेले पोहे, खोबरं आणि गोड एवढ्यावरच व्हायचा. दुधातुपाशिवाय गोडधोड होतं, हे मी याच गावात चाखलं होतं, फक्त विसरले होते.

उकडीत तुपाऐवजी चमचाभर खोबरेल घातलं. कळ्या पडल्या, एकही मोदक फुटला नाही. देवाचं पंचामृत मी बदललं नाही, पण पानावर तिच्या मोदकाला तुपाच्या जागी नारळाचा दाट रस वाढला. तिने एक मोदक संपवला आणि वाटी पुन्हा पुढे केली. पोर सणाला आपल्या पंक्तीत बसून पोटभर जेवली, याहून मला काय हवं होतं? आता दरवर्षी एकवीस मोदक खोबरेलाचेच होतात, सगळ्यांसाठी.