जुळलेली तेरीज

नगरच्या आडते बाजारात ज्यांचे सारे आयुष्य गेले, अशा एका बाऊजींच्या घरातील ही हकीकत आहे. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह अकरा वर्षांचा. रोजमेळ जुळल्याखेरीज ते पेढीच्या गादीवरून कधी उठले नाहीत. रक्ताचे अहवाल मात्र एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले असत. दर तीन महिन्यांनी तीत एका कागदाची भर पडे आणि पिशवी पुन्हा कपाटात जाई.

चातुर्मासाच्या आरंभी आलेल्या अहवालाने घरात समाधान पसरले. एचबीएवनसी ६.४. डॉक्टरांनीही मान डोलावली.

ही तपासणी व्यापारी माणसाला समजण्यास अवघड नाही. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांतील हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. त्या प्रमाणावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. सकाळची उपाशीपोटी साखर म्हणजे त्या घटकेची रोकड शिल्लक. एचबीएवनसी म्हणजे तिमाहीची तेरीज. परंतु तेरीज जुळली म्हणून वह्या निर्दोष ठरत नाहीत, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. एका खात्यात पाचशे रुपये जादा आणि दुसऱ्यात पाचशे कमी मांडले, तरी बेरजा बरोबरच येतात. बाऊजींच्या बाबतीत नेमके हेच घडत होते. दुपारची साखर चढत होती, रात्रीची उतरत होती, आणि सरासरी गोजिरी दिसत होती.

हे प्रथम ध्यानात आले ते सुनेच्या. पहाटे बाऊजींचा सदरा घामाने ओला असे, डोके जड असे. एका रात्री तीनच्या सुमारास त्यांनी पेढीच्या किल्ल्या मागितल्या, त्याही दिवंगत भावाचे नाव घेऊन. घरात साखर मोजण्याचे यंत्र होते, पण ते केवळ सकाळी वापरले जाई. तिने तेव्हाच बोटाला सुई टोचली. आकडा आला ५२. सत्तरच्या खाली साखर जाणे हाच धोक्याचा इशारा मानतात.

तिने चार चमचे साखर पाण्यात कालवून पेला पुढे केला. थरथरत्या हाताने बाऊजींनी तो दूर सारला. “चौविहार आहे माझा.” चाळीस वर्षांत सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब त्यांनी घेतला नव्हता. सून क्षणभर थांबली. मग म्हणाली, “बाऊजी, जे पाप लागेल ते मला लागू द्या, पण आपण हे घ्या.” त्यांनी घेतले. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा आकडा ८१ झाला होता. उरलेली रात्र दोघांनीही जागून काढली. एकाला नियम मोडल्याचे दुःख, दुसरीला मोडायला लावल्याचे.

सकाळी सासूबाई दोघांना घेऊन स्थानकात गेल्या. साध्वीजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले. पच्चक्खाणात आगार असतात, समाधी टिकावी म्हणूनच ते ठेवलेले आहेत, असे त्यांनी समजावले, आणि मग विचारले, “गोळी किती वाजता घेता?”

हा प्रश्न अकरा वर्षांत कोणीच विचारला नव्हता. चिठ्ठीवर रात्रीच्या जेवणाबरोबर अशी खूण होती. डॉक्टरांनी जेवण नऊचे धरले. बाऊजी जेवत साडेपाचला. पण चिठ्ठीत ‘रात्री’ आहे म्हणून गोळी जवळ तोंडात ठेवून, पाण्याविना, नऊला गिळत. त्यानंतर नवकारसीपर्यंत पोटात काही नाही. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, पोटात अन्न नसले तरी आपले काम करीतच राहतात. दोष डॉक्टरांचा म्हणावा, तर घराने सांगितले नव्हते. घराचा म्हणावा, तर कोणी विचारले नव्हते. कर्जदाराच्या धंद्याचा हंगाम न विचारता हप्त्याची तारीख ठरवावी, तसे हे झाले.

पुढच्या भेटीत सुनेने सर्व सांगितले. मात्रा कमी झाली, गोळी साडेपाचच्या घासाबरोबर आली. या वयात साखर फार आवळून धरू नये, एचबीएवनसी थोडे वर गेले तरी चालेल, असेही डॉक्टर म्हणाले. उपवासाचा बेत असल्यास आठ दिवस आधी कळवायचे ठरले. बाऊजींना ते मानवले नाही. आजवर त्यांनी तपाची परवानगी कोणाकडे मागितली नव्हती.

पिशवीच्या जागी आता लाल बासनाची एक वही आहे. तीत साखरेच्या आकड्याशेजारी शेवटच्या घासाची वेळ आणि गोळीची वेळ असे दोन रकाने सुनेने आखले आहेत. मूत्रपिंडाची तपासणी झाली, डोळ्यांचीही झाली. पायांचे पान मात्र कोरेच आहे. तळव्याला बारीक तार टेकवून संवेदना पाहण्याची ती परीक्षा दोन मिनिटांची आहे, पण स्थानकात अनवाणी जाणारे बाऊजी म्हणतात, दिवाळीनंतर पाहू. सुनेने त्या पानावर तारीख घालून ठेवली आहे, दिवाळीच्या आधीची.