त्या वर्षीचा धान

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरच्या क्रांतीवर कादंबरी लिहायची तर सुरुवात कुठून करावी, हा विचार बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळतो आहे. घटना तर ठळक आहेत. १६ ऑगस्ट १९४२, ‘चले जाव’च्या दिवसांतली नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने आधीच तापलेलं गाव. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, कोवळ्या वयाचा बालाजी रायपूरकर गेला. मग जमाव उसळला, डाक बंगला पेटला. डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, जरासंध हे अधिकारी मारले गेले. १९ तारखेला पलटण गावात शिरली.

एवढं आयतं कथानक हाताशी असून मी अडतो तो धानापाशी. ऑगस्टच्या मध्यावर या मुलखात रोवणी उरकत आलेली असते. पऱ्हे नुकते मूळ धरत असतात, बांधीत पाणी राखायचं असतं, निंदण डोक्यावर आलेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत गावातले पुरुष धरून नेले. धुऱ्याला खांड पडली तर पाणी कोण अडवणार? दिवाळीनंतर विळा कुणी धरला? पुंजणे कुणी रचले, चुरणी कुणाच्या बैलांनी झाली? दगड कुणी मारला आणि काडी कुणी लावली, हे कोर्टाने खोदखोदून विचारलं. फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. उरलेल्यांच्या मानेवरचा फास निघायला १९४५ उजाडलं. तोवर तीन सुग्या येऊन गेल्या. नवरा फाशीच्या कोठडीत असताना पुढच्या सालाचं बियाणं राखून ठेवणारी बाई मला या कादंबरीची नायिका वाटते.

ती बोलेल का, हा पुढचा प्रश्न. सैनिकांनी बायकांवर केलेल्या अत्याचारांच्या हकिगती नागपूरहून गेलेल्या स्त्रियांनी आणि डॉ. मुंजे यांनी पुढे आणल्या. सरकारने चौकशी नाकारली. त्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं आणि चिमूरचं नाव देशभर झालं. पण जिने जबानी दिली आणि जिने तोंड मिटून घेतलं, अशा दोघी एकाच विहिरीवर पाणी भरत असतील, एकाच बांधीत निंदायला वाकत असतील. त्यांच्यातलं न बोललेलं पकडायला कादंबरीच लागते.

आणि ज्यांना जमावाने मारलं त्यांचं काय? सोनवणे हे आडनाव आपल्यातल्या कुणाचंही असू शकतं. चिमूरकरांसमोर त्या दिवशी साम्राज्य उभं होतं ते नायब तहसीलदाराच्या रूपात. तो पगारी माणूस आणि जमाव एकाच मुलखातले, हे ज्या लेखकाला डाचणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

याच मुलखात आणखी मागे गेलं की बाबुराव शेडमाके भेटतात. १८५८ च्या मार्चमध्ये नांदगाव-घोसरीला इंग्रजांशी लढलेले, २१ ऑक्टोबरला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगापाशी फाशी गेलेले. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाईंचा हात होता आणि बक्षीस म्हणून अडपल्ली-घोटची जमीनदारी अहेरीकडे गेली. फितुरी म्हणून आपण हा विषय एका वाक्यात मिटवतो. मला मात्र त्या जमीनदारीतला एखादा गोंड शेतकरी दिसतो. धान लोंबीवर आलेला, आणि मालक बदलल्याची खबर गावात पोचलेली. वाटा आता कुणाच्या दारात न्यायचा, हीच त्याची क्रांती.

गडचिरोलीत १९८० च्या सुमारास नक्षलवादी आले, तेव्हाही प्रश्न हंगामातूनच आत शिरला. उन्हाळ्यात तेंदूची फळी लागते. पहाटे रानात जायचं, पानं खुडायची, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि शेकड्याच्या भावाने मोजून द्यायचे. बंदुकीच्या धाकाने ठेकेदाराने भाव वाढवला, हे खरं. त्याच बंदुकीने पुढे खबऱ्या ठरवून गावचीच माणसं मारली, हेही खरं. रात्री नक्षल्यांचं दलम भात मागे, सकाळी पोलीस त्या भाताचा जाब विचारत. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात आयुष्य घातलेल्या विलास मनोहरांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली. माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा पोचतो, हे ती सांगते. जंगलातली रोजची नाडवणूक माहीत असल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

पास्तरनाकच्या ‘डॉक्टर झिवागो’तही रशियन क्रांतीच्या धुमाळीत बटाटे लावायची आणि सरपण जमवायची विवंचना आहे. क्रांतीमुळे जुनं सरकार पडतं, पण सरपण संपायचं थांबत नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीला तलवार आणि दरबार यांची जेवढी हौस, तेवढी चुलीची नाही. म्हणून तिच्यातली सामान्य माणसं जयजयकारापुरती येतात आणि पान उलटताच नाहीशी होतात.

धानाची गोष्ट सांगितल्याने हुतात्म्याचं मोल कमी होईल, ही भीती मला पटत नाही. उलट, रोवणी टाकून माणूस मिरवणुकीत गेला म्हणजे त्याने नेमकं काय पणाला लावलं, हे तेव्हाच कळतं. एका सालाचं पीक पणाला लावणं म्हणजे काय, हे ज्या वाचकाला ठाऊक नाही, त्याच्यासाठी चिमूर नुसती तारीख राहील. त्याला आधी बांधीत उतरवलं पाहिजे.