नाडीपरीक्षा

घाई आणि गती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कळायला तत्त्वज्ञान वाचावे लागत नाही. दिवाळीच्या चकल्या तळल्या तरी पुरते. आच मोठी केली की घाणा पटापट निघतो, चकली छान तांबूस दिसते, येणाराजाणारा वाहवा करतो. आणि तिसऱ्या दिवशी डबा उघडावा, तो ती आतून मऊ! वरचा रंग काही खोटा नव्हता, पण तो पुरावाही नव्हता. चकली मोडून पाहिल्यावाचून तिची ग्वाही देता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात हा विचार माझ्या मनात पुन्हापुन्हा येत राहिला, आणि तोही शेगडीपुढे नव्हे, संगणकापुढे. माझ्या भाच्याला ‘ओव्हरक्लॉकिंग’चा नाद लागला होता. हा शब्द प्रथम कानांवर आला तेव्हा मला वाटले, पोरगा कचेरीत जादा वेळ थांबू लागला की काय! पण प्रकार निराळा होता. प्रत्येक संगणकाला एक नाडी असते. क्वार्ट्‌झच्या एका इवल्या स्फटिकाच्या कंपनांवरून तिचे ठोके बांधून दिलेले असतात आणि त्या ठोक्यांवर प्रोसेसर आपली कामे उरकतो. तुमची-आमची नाडी मिनिटाला बहात्तर. त्याची सेकंदाला चार-पाचशे कोटी. पाच गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला पाचशे कोटी ठोके. अशा दोन ठोक्यांच्या मधल्या अवधीत प्रकाशालादेखील जेमतेम सहा सेंटिमीटर जाता येते! तेवढ्यात या बिचाऱ्याने आपल्या कामाची एक पायरी चढायची. कारखान्याने नेमून दिलेली ही नाडी आपण हौसेने आणखी जलद करायची, याचे नाव ओव्हरक्लॉकिंग.

आता एवढी घाई कशासाठी, असे तुम्ही विचाराल. आमच्या घरात तिला कारण होते. माझे वडील हयात असताना त्यांनी आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेऊन ठेवल्या होत्या. सदतीस कॅसेटी. आज दोघेही नाहीत. फितींवरचा चुंबकी थर सुटू लागलेला. एकदा वाजवल्या तर वाजवल्या, पुन्हा वाजतीलच असा भरवसा नाही. म्हणून भाच्याने त्या एकदाच वाजवून संगणकात उतरवून घेतल्या. राहिली होती ती खरखर. ती काढून टाकणारा प्रोग्रॅम त्याने मिळवला, पण एका कॅसेटीला तीन तास लागत. “आत्या, नाडी ४.७ वरून ५.३ वर नेली तर दर कॅसेटीमागे वीस मिनिटं वाचतील,” तो म्हणाला. मी एकतीस वर्षे गणित शिकवले आहे. मी हिशेब करून पाहिला. हिशेब बरोबर होता.

मुळात प्रोसेसरमध्ये अशी जादा धाव शिल्लक असतेच कशी? एकाच सिलिकॉनच्या चकतीतून निघालेले प्रोसेसर एकाच आईच्या लेकरांसारखे असतात; सारखे दिसतात, पण अंगातली ताकद निराळी. कारखाना त्यांची प्रतवारी लावतो आणि त्या त्या प्रतीतल्या सर्वांत दुबळ्यालाही झेपेल असा वेग ठरवतो. उरलेला हा हातचा. १९९८ साली निघालेल्या इंटेलच्या ‘सेलेरॉन ३००-ए’ची गोष्ट हौशी मंडळी अजून रंगवून सांगतात. होता ३०० मेगाहर्ट्‌झचा. पण मदरबोर्डावरचा मूळ ठोका ६६ चा १०० केला की पुष्कळदा ४५० वर सुखाने चाले. एकाच्या पैशांत दीड! हल्लीचे कारखाने मात्र हुशार झाले आहेत. आजचा प्रोसेसर थंड असला की आपण होऊनच वेग वाढवतो. तेव्हा हौशी माणसाच्या वाट्याला उरते ते ताटातले शेवटचे शीत.

आणि ते शीत महाग पडते. वेग वाढवायचा तर बहुधा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवावे लागते. उष्णता वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवा, १.१ ला १.१ ने दोनदा गुणा. उत्तर येते १.३३१. वेग दहा टक्के, ताप तेहतीस टक्के. व्यवहार काही फार फायद्याचा नव्हे.

मग ताप किती चालेल? माणसाचे बरे असते. थर्मामीटरवरची रेघ साऱ्यांना एकच. इथे प्रत्येक जातीची रेघ निराळी. इंटेलच्या बऱ्याच घरगुती प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीने २०२२ साली आणलेल्या रायझन ७००० मालिकेतल्या अनेकांची ९५, आणि भर कामात ते त्या रेघेपर्यंत चढले तरी बिघडले असे समजू नये, असे खुद्द निर्मातेच सांगतात. म्हणून शेजाऱ्याचा आकडा उसना घेऊ नये. आपल्या प्रोसेसरची मर्यादा निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहावी. जाणती मंडळी कठोर परीक्षेतही त्या मर्यादेच्या दहा-पंधरा अंश खालीच राहतात.

आम्ही पडलो नागपूरचे. आमच्याकडे ‘कूलर’ म्हणजे खिडकीत बसवलेला, वाळ्याचा किंवा गवताचा पडदा भिजवून वारा घालणारा पत्र्याचा डबा. भाच्याच्या भाषेत कूलर म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेले धातूच्या पात्यांचे झुंबर आणि त्याचा पंखा. दोघांच्या मधोमध मलमासारखा एक लेप असतो. तो वाळला की ताप वाढतो. पण झुंबर कितीही मोठे असो, ते प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीतल्या रात्री खोलीत २० अंश होते आणि ५.१ च्या वेगावर प्रोसेसर ८४ वर स्थिरावला. भाचा खूश! मी पाटी ओढली. ८४ वजा २० म्हणजे ६४. हे ६४ त्याचे स्वतःचे. मे महिन्यात त्याच खोलीत ३८ अंश असतात. ३८ अधिक ६४? १०२. त्याची मर्यादा १०० ची. थंडीत उत्तीर्ण झालेला हा विद्यार्थी उन्हाळ्यात नापास ठरणार, हे पाटीवरच दिसत होते.

अर्थात १०० ला पोचला म्हणून तो भडकून पेटत नाही. ५.३ वर तो तीन मिनिटांत त्या रेघेला टेकला आणि मुकाट्याने आपली नाडी आपणच मंद करून बसला. त्याहून ताप चढला असता तर बंद पडला असता. आजच्या प्रोसेसरांना एवढे शहाणपण जन्मजात असते. जादा व्होल्टेजची झीज मात्र त्याला थोपवता येत नाही. नदीच्या ओढीने वाळू सरकावी तसे धातूच्या सूक्ष्म वाटांमधले अणू विजेच्या ओघाबरोबर सरकतात, आणि उष्णतेत अधिकच लवकर. आयुष्य असे नकळत आखडत जाते.

पण तापापेक्षा मला धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. बंद पडणारे यंत्र प्रामाणिक असते. चुकीचे उत्तर देऊन पुढे चालत राहणारे यंत्र ओळखायचे कसे?

याचे उत्तर मला अनपेक्षित जागी भेटले, माझ्याच विषयात. सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या मूळ संख्यांचा ध्यास घेतला होता. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी जगभरच्या संगणकांकडून अशा संख्या शोधण्याचा उद्योग आरंभला. २०२४ साली त्यात दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध झाले. तिच्यात चार कोटी दहा लाखांवर अंक आहेत! अशा हिशेबात एक पायरी चुकली की सारे मुसळ केरात. म्हणून वोल्टमन यांच्या ‘प्राइम ९५’ या प्रोग्रॅममध्येच यंत्राची परीक्षा घेण्याची सोय आहे. उत्तरे आधीच ठाऊक असलेली प्रचंड गणिते यंत्राला घालायची आणि ताळा पाहायचा. हौशी मंडळींनी हीच ‘छळपरीक्षा’ उचलली.

भाच्याने ५.१ वर ती रात्री लावून दिली. पहाटे, पाच तास चाळीस मिनिटांनी, एक ओळ उमटली. गोषवारा असा, की फरक ०.५ आला, तो ०.४ पेक्षा कमी हवा होता. मोठमोठ्या पूर्णांकांचा गुणाकार लवकर व्हावा म्हणून हा प्रोग्रॅम त्यांना दशांश अपूर्णांकांच्या आडवाटेने नेतो. शेवटी उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ येऊन टेकले पाहिजे. किती जवळ, ते तो मोजतो. ०.५ म्हणजे ना या पूर्णांकाचे, ना त्या. पूर्णांकाला पूर्णांकाने गुणल्यावर अर्धा आला कुठून? आणि गंमत अशी की बाकी सारे यथास्थित होते. ताप ८४, पंखा शांत, पडदा झगझगीत.

भाच्याचा युक्तिवाद तयारच होता. “आत्या, पावणेसहा तास तर चाललं ना! आजीची एक कॅसेट साफ करायला तीनच तास लागतात.”

“अरे,” मी म्हटले, “ती चूक सहाव्या तासाची वाट पाहत बसत नाही. तुला ती सहाव्या तासाला दिसली, एवढंच. आणि दिसली का, तर त्या गणिताचं उत्तर आधीच माहीत होतं म्हणून. आजीच्या ओव्यांचं उत्तर कुणाला माहीत आहे?”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने व्होल्टेज उतरवले आणि वेग ४.९ वर आणला. ताप ७२, मे महिन्याच्या हिशेबाने ९०, आणि तोही छळपरीक्षेतला, नेहमीच्या कामात याहून कमीच. प्राइम ९५ चोवीस तास चालला, एकही चूक नाही. मग एक रात्र ‘मेमटेस्ट ८६’ लावून स्मृतीची परीक्षा. त्यानंतर आठवडाभर साधे काम आणि स्वस्थ बसणे. कारण काही यंत्रे भर कामात ठणठणीत असतात आणि विसाव्याच्या वेळी, व्होल्टेज खाली येताच, कोलमडतात. (अशी माणसेही मी पाहिली आहेत.) विंडोजच्या नोंदवहीत गुपचूप दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद आहे का, तेही त्याने पाहिले. तरीही यातून काही ‘सिद्ध’ होत नाही. परीक्षेत चूक सापडली नाही एवढेच म्हणता येते. चूक नाहीच असे म्हणता येत नाही. म्हणून तीन कॅसेटी त्याने कारखान्याच्या मूळ वेगावर पुन्हा साफ केल्या आणि दोन्ही फायली ताडून पाहिल्या. एका बिटाचाही फरक निघाला नाही.

२०२२ च्या अखेरीस द्रवरूप हेलियमच्या थंडीत एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्‌झचा टप्पा ओलांडला. त्या पराक्रमाचे मलाही कौतुक आहे; पण तो आकाशात जाणारा बाण. आम्हाला हवी होती रात्रभर तेवणारी पणती. वीस मिनिटांऐवजी आमची दर कॅसेटीमागे सातच वाचली. उरलेली तेरा आम्ही सोडून दिली. सदतीस कॅसेटींचे मिळून आठ तास, म्हणजे एका रात्रीची झोप.

उन्हाळा लागण्यापूर्वी काम पुरे झाले. एकविसाव्या कॅसेटीत दोन ओव्यांच्या मध्ये जाते थांबते आणि आई विचारते, “चालू आहे का हो ते?” हे मी पूर्वीही ऐकले होते. पण त्यापुढे बाबा “हं” म्हणतात, ते आजवर खरखरीखाली दडलेले होते. सदतीस कॅसेटींत बाबांचा आवाज तेवढाच आहे. फार तर अर्ध्या सेकंदाचा असेल. तो मोकळा करताना त्या यंत्राने किती अब्ज ठोके टाकले, कोण जाणे; पण त्यातला एकही घाईत पडला नाही.