लक्ष्मीपुरीतील शिदोरी

कोल्हापूरला येणारे जैन कुटुंब बहुधा शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठात दर्शन घेते आणि पुढे कुंभोजच्या बाहुबलीकडे वळते. कुटुंब व्यापारी असले, तर वाटेत लक्ष्मीपुरीचा धान्यबाजार सहसा चुकत नाही. इचलकरंजीच्या एका किराणा व्यापाऱ्याने गेल्या हिवाळ्यात हाच मार्ग धरला. मात्र या खेपेस भाव विचारण्यापूर्वी त्यांना दुसरेच काही विचारायचे होते.

त्यांच्या अकरा वर्षांच्या नातीला सीलिॲक विकाराचे निदान झाले होते. गहू आणि जव यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न अंगी लागत नाही, मुलांची वाढ खुंटते. आयुष्यभराचे काटेकोर पथ्य हाच यावरचा उपचार. केवळ संशयावरून गहू सोडू नये. आधी तपासणी करावी, कारण गहू बंद केल्यावर रक्ततपासणीचा निष्कर्ष फसवा येऊ शकतो.

घरातील पोळी बंद झाली, तरी मुलीची पोटदुखी थांबेना. अखेर दोष सापडला तो हिंगाच्या डबीत. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरात हिंग रोजचा. आणि बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. ती डबी आजोबांच्याच दुकानातून घरी आली होती. चाळीस वर्षे हिंग विकणाऱ्या हाताने तिचे वेष्टन एकदाही उलटून पाहिले नव्हते. ही गोष्ट आजोबांच्या मनाला फार लागली.

लक्ष्मीपुरीत ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळे आणि भौगोलिक मानांकन मिळालेला आजरा घनसाळ तांदूळ हे सारे मिळते. ही धान्ये मुळातच ग्लुटेनविरहित. धोका असतो तो हाताळणीत. गव्हाच्या पोत्यात बुडालेले माप ज्वारीत जाते, एकाच जात्यावर दोन्ही दळली जातात. एका जुन्या पेढीवर आजोबांनी नाचणीच्या तयार पिठाची चौकशी केली. दुकानदाराने पुडा पुढे केला नाही.

“आण्णा, पोरीसाठी असेल तर तयार पीठ नेऊ नका. आमच्या गिरणीत त्याच जात्यावर गहू दळतात. बंद पोतं फोडून अख्खी नाचणी देतो. घरी निवडा, धुऊन वाळवा आणि घरच्या घंटीवर दळा. त्या घंटीत गहू मात्र घालू नका.”

हातचे गिऱ्हाईक सोडून खरे सांगणारा हा माणूस आजोबांना त्या दिवसाची मोठी कमाई वाटली. घरच्या दळणाची रीत तर आपल्याकडे जुनीच आहे. मर्यादेचे पीठ पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस, हा नियम पाळणाऱ्या घरात ताजे दळण नवे नाही. जीवरक्षेसाठी पाळलेली शिस्त नातीच्या पथ्यालाही उपयोगी पडली.

पुढच्या दुकानात ‘ग्लुटेनमुक्त’ बिस्किटांचे रंगीत पुडे होते. आपल्या देशात हा शब्द छापायचा, तर किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. हिरवा ठिपका असल्याने अंड्याचीही शंका नव्हती. परंतु मुलीने पुडा उलटून घटकांची यादी वाचली आणि म्हणाली, “आजोबा, यात बटाट्याचा स्टार्च आहे.” पुडा परत फळीवर गेला. गव्हाची जागा भरून काढण्यासाठी अशा पदार्थांत बटाटा किंवा टॅपिओका वापरण्याची पद्धत आहे. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्याला म्हणून यादी दोनदा वाचावी लागते.

2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन अशा ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख वेष्टनावर वेगळा करावा लागतो. सुट्या मालाला मात्र वेष्टन नसते. तेथे दुकानदाराचा शब्द हाच आधार.

अखेर एका मसाल्याच्या दुकानात तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग सापडला. त्या डबीवरील बारीक अक्षरे आजोबांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचली, मगच पैसे दिले.

दुपारी बाहुबलीस 28 फुटी संगमरवरी मूर्तीचे दर्शन झाले. भोजनालयात चपातीचा आणि भाकरीचा तवा एकच असेल, या शंकेने शिदोरी घरूनच आणली होती: शाळूची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. सूर्यास्तापूर्वी सर्वांनी तीच खाल्ली. मुलीचे ताट वेगळे मांडले गेले नाही, आणि त्या रात्री तिचे पोटही दुखले नाही.

इचलकरंजीच्या दुकानात आता एक फळी निराळी आहे. तिच्यावर झाकणाचे डबे, प्रत्येक डब्यात त्याचेच माप आणि शेजारी दोन प्रकारचे हिंग. हिंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आजोबा प्रथम विचारतात, “घरात कुणाला गव्हाचं पथ्य आहे का?” बहुतेक जण नाही म्हणतात. पण आजोबांनी विचारणे सोडलेले नाही.